घरचा कर्ता होण्याआधी

विशी-पंचविशीतल्या मुलांचे प्रश्न वरवर पाहता वेगवेगळे दिसतात. भरतीची तयारी आणखी किती वर्षं करायची? वडिलांच्या नावावरचं कर्ज माझ्या अंगावर येतं का? जमीन ओलिताची आहे, व्यसन नाही, तरी सोयरीक का जमत नाही? रात्र रात्र झोप लागत नाही, हे सांगायचं कुणाला? हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यात हे प्रश्न पारावर, आखाड्यावर, चहाच्या टपरीवर सतत ऐकू येतात, पण थट्टेच्या सुरात. सरळ विचारणं हेच कमीपणाचं मानलं जातं. या साऱ्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. मुलगा म्हणजे उद्याचा कर्ता. कर्त्याने कमवायचं, फेडायचं, सोसायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. ही समजूत बरी की वाईट यावर इथे प्रवचन नाही. ती तुमच्या खिशाला, तब्येतीला आणि कागदपत्रांना कुठे भिडते, तिथे काय करायचं, कुठे जायचं आणि कुठे सही करायची नाही, एवढंच पाहू या.

मान ठेवून भार वाटता येत नाही

मुलाला घरात मान मिळतो, हे आधी मान्य करू. ताट आधी त्याला वाढलं जातं, शिक्षणाचा खर्च आधी त्याच्यावर होतो, सातबाऱ्यावर नाव त्याचं लागतं, रात्री उशिरा आला तरी कुणी विचारत नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार देशात दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचं प्रमाण २६ टक्के होतं आणि बायकांचं ८१ टक्के. हात लावणारे पुरुषही सरासरी ९७ मिनिटं देत होते, बाया २९९. ही सूट आई-बहिणीच्या कष्टांतून आलेली आहे. म्हणून ‘बाप्या माणसाला कसलं आलंय दुःख’ असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही, अपुरं आहे. कारण याच देशात २०२२ साली आत्महत्या केलेल्या १,७०,९२४ जणांपैकी १,२२,७२४ पुरुष होते, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता. आत्महत्येमागे एकच कारण कधी नसतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात कौटुंबिक प्रश्न आणि आजारपण ही कारणं सर्वांत वर आहेत. पण कारणं स्त्री-पुरुषांना सारखी भेडसावत असताना मरणारे पुरुष दुपटीहून जास्त असतील, तर ती संकटं झेलण्याच्या पद्धतीत काही फरक असला पाहिजे. ज्या मुलाला घरात कुणी जाब विचारत नाही, त्याची विचारपूसही कुणी करत नाही.

यातून कामाचा निष्कर्ष असा निघतो, की कर्तेपणाचा भार हलका करायचा असेल तर त्यासोबतचा अधिकारही वाटावा लागतो. पगार माझा म्हणून निर्णय माझा, आणि हप्ता थकला की मात्र सगळ्यांनी समजून घ्यावं, हे जमत नाही. ‘ही शहरी खुळं आहेत, आमच्याकडे चालत नाहीत’ असं कुणी म्हणेल. पण शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं आणि पुढे बायकोच्या नावाने जमीन करून देण्याची लक्ष्मी मुक्तीची मोहीम चालवली. तिला प्रतिसाद देणारे शेतकरी कोरडवाहू गावांतले होते. मुंबईत १९९३ साली हरीश सदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेली ‘मावा’ ही पुरुषांची संघटना हिंसेविरुद्ध काम करते. तीही पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या महाविद्यालयीन मुलांपर्यंत गेली. तेव्हा हा विषय आपल्या दारात नवा नाही.

भरती: शेवटची तारीख आधी ठरवा

हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे, त्यामुळे इथल्या मुलांना वर्दी लहानपणापासून समोर दिसते. वर्दीची ओढ असण्यात गैर काही नाही. पण गणित पाहा. राज्यात २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ पदं होती आणि अर्ज सतरा लाखांहून जास्त आले. आदल्या वर्षीच्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज होते. शंभरात एकाला, कधी दोनशेत एकाला जागा मिळणार, हे परीक्षेला बसण्याआधीच ठरलेलं असतं. उरलेले सगळे कमी कष्ट करणारे किंवा कमी बुद्धीचे असतात असं नाही. तरी उरलेल्यांतली कितीतरी मुलं पाच-सहा वर्षं थांबतात, कारण तयारी सोडली की ‘हरला’ हा शिक्का बसतो आणि ‘तयारी करतोय’ म्हटलं की कर्तेपण निदान पुढे ढकलता येतं. वरून लग्नाच्या बाजारात नोकरीवाल्यालाच भाव. मुलीलाही परीक्षेचा ताण असतो, पण तिने सोडून दिलं तर घरात सुस्कारा टाकला जातो. मुलाने सोडलं तर घराण्याची नाचक्की होते. (तिला मुळात किती प्रयत्न करू दिले जातात, हा आणखी वेगळा प्रश्न.) म्हणून निर्णय मनाच्या उभारीवर सोडू नका, कागदावर आणा.

- अकादमीची फी भरण्याआधी उंची-छाती मोजून घ्या. पोलीस शिपाई पदासाठी पुरुषांना उंची १६५ सेंटीमीटर, छाती न फुगवता ७९ आणि फुगवल्यावर किमान ५ सेंटीमीटर जास्त लागते. एका सेंटीमीटरने अपात्र ठरणार असाल तर दोन वर्षं पळून उपयोग नाही.
- कमाल वय खुल्या गटाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३ आहे. ही सरकारची मर्यादा झाली. तुमची मर्यादा तिच्या बरीच अलीकडे हवी. किती प्रयत्न करणार ते घरच्यांसमोर बोलून ठरवा. आई-बहिणीसमोर बोललेलं शेवटच्या वर्षी तुमच्याच उपयोगी पडतं, कारण तेव्हा थांबणं हा सगळ्यांनी मिळून घेतलेला निर्णय असतो.
- खोलीभाडं, मेस, क्लास, प्रवास यांचा महिन्याचा आकडा लिहून ठेवा आणि घरून पैसे मागताना तो दाखवा.
- तयारीच्या काळातच दुसरं काही हाताशी ठेवा: तालुक्याच्या आयटीआयचा एखादा ट्रेड, कारखान्यातली शिकाऊ उमेदवारी, किंवा शेतमालावरची प्रक्रिया. भौगोलिक मानांकन मिळालेली हळद शेजारच्या वसमत तालुक्याची आहे आणि हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्रही वसमतलाच आहे.
- ‘लावून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. फसवला गेलेला मुलगा तक्रार करत नाही, याच भरवशावर हे धंदे चालतात. कुणी जबरदस्तीने लाच घेतली असेल तर सात दिवसांत कळवणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे.

आणखी एक गोष्ट अशी, की परिचारक, शिवणकाम, स्वयंपाकाची कंत्राटं ही कामं ‘बायकी’ म्हणून अनेक मुलं आधीच यादीतून काढून टाकतात. मोठ्या लग्नातला आचारी पुरुष असतो आणि शहरातला चांगला शिंपीही पुरुषच असतो. घरात फुकट होतं तोवर काम बायकांचं, आणि पैसे मिळू लागले की पुरुषाचं, हे आपण रोज पाहतो. मग पैसे मिळवून देणाऱ्या कामाची लाज कसली?

बापाचं कर्ज: कायदा काय म्हणतो

वडील अचानक गेले की दहाव्या-तेराव्यालाच देणेकरी दारात उभे राहतात, आणि पंचविशीतला मुलगा सगळ्यांसमोर ‘मी फेडतो’ म्हणून मोकळा होतो. त्या वेळी नाही म्हणणं त्याला बापाची अब्रू घालवण्यासारखं वाटतं. कायदा मात्र त्याच्याकडून एवढं मागत नाही. मृताचं कर्ज त्याच्या मिळकतीतून वसूल होतं. वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मिळकतीपुरतीच असते. बापाचं ऋण फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य, हा जुना हिंदू कायद्यातला आधारसुद्धा ९ सप्टेंबर २००५ पासून नंतरच्या कर्जांना लागू राहिलेला नाही. त्याच दिवसापासून मुलीही वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः समान हिस्सेदार झाल्या. हक्क आणि ऋण या दोन्ही बाबतींत कायद्याने मुलगा आणि मुलगी यांना एका रांगेत बसवलं. आपण मात्र हक्कही मुलाला देतो आणि ऋणही त्याच्याच गळ्यात बांधतो.

याचा अर्थ कर्ज बुडवा असा नाही. पीककर्जाचा बोजा जमिनीवर असतो आणि जमीन हवी तर तो उतरवावाच लागतो. तुम्ही स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर जबाबदारी पूर्ण तुमची. म्हणून क्रम असा ठेवा. आधी सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात कोणकोणते बोजे आहेत ते पाहा. बँक आणि सोसायटीकडून लेखी खातेउतारा मागा. वडिलांचं पासबुक वर्षभर मागे चाळा. ४३६ रुपयांची वार्षिक कपात दिसली तर ती जीवनज्योती विम्याची, २० रुपयांची दिसली तर सुरक्षा विम्याची असण्याची दाट शक्यता आहे. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी दोन लाख मिळतात, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला दोन लाख. कितीतरी घरांना ही कपात माहीतच नसते, आणि दावा लवकर करावा लागतो. तोंडी देण्यांना ‘कागद दाखवा, मग बोलू’ हे उत्तर पुरेसं आहे. ते उद्धट नाही.

खासगी सावकाराकडे व्यवहार असेल तर एक खोड नीट ओळखा. व्याजाच्या पैशाला तारण म्हणून तो गहाणखत करत नाही, सरळ खरेदीखत करून घेतो आणि ‘पैसे आले की परत फिरवून देतो’ असं तोंडी सांगतो. या खरेदीखतावर मुलाची संमती म्हणून सही घेतात. ती देऊ नका. परवान्याशिवाय सावकारी करणं महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ प्रमाणे गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे (सहकारी संस्था) किंवा हिंगोलीत जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते, आणि जमीन अवैध सावकारीतून गेल्याचं सिद्ध झालं तर ती परत देण्याचा आदेश होऊ शकतो. वकिलाची फी परवडत नसेल तर कळमनुरीच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला, म्हणजे तालुक्यातल्या आंध समाजालाही, उत्पन्नाची अट नाही; इतर पुरुषांना सर्वसाधारणपणे वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असलं की मोफत वकील मिळतो. दूरध्वनी क्रमांक १५१००.

सोयरीक का अडते

सर्वांत जास्त कडवटपणा या प्रश्नात आहे, म्हणून आकड्यांपासूनच सुरुवात करू. महाराष्ट्रात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. ती मुलं आज पंचविशी-तिशीत आहेत. २०११ मध्ये हाच आकडा ८९४ झाला. बीडमध्ये तो ८०७ पर्यंत घसरला. म्हणजे आत्ता सोयरीक शोधणाऱ्यांपेक्षा त्यांच्या धाकट्या भावांची अडचण मोठी असणार. मुलगाच हवा, कारण तो कर्ता होईल, या हट्टापायी ज्या पिढीला जास्त संख्येने जन्माला घातलं, तीच पिढी आता बिनलग्नाची बसली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला, तेव्हा पुष्कळांनी हसण्यावारी नेलं. त्यांची एक मागणी मात्र अगदी रास्त होती: गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा कडक राबवा. दुसरी मागणी, आम्हाला नवरी मिळवून द्या. नवरी काही रेशनवर मिळत नाही. सरकारने यात काय करावं अशी अपेक्षा होती, देव जाणे.

‘मुलींच्या अपेक्षा वाढल्या’ हा यावरचा ठरलेला आक्षेप. शेतकरी मुलगा नको असं म्हणणाऱ्यांत मुलींचे बापही असतात, आणि ते स्वतः शेती करतात, हे लक्षात घ्या. ते जावयाला त्याच मापाने मोजतात ज्या मापाने तुमचे वडील तुम्हाला मोजतात: किती कमावतो? स्वतःची किंमत कमाईवर ठरू द्यायची आणि लग्नाच्या वेळी मात्र माप अन्यायाचं म्हणायचं, हे टिकत नाही. आणि मुलगी काय पाहते? ती आपल्या आईचा दिवस पाहत वाढलेली असते. पहाटे उठून स्वयंपाक, मग निंदणी-खुरपणी, सोयाबीनची कापणी, हळद उकरल्यावर कंद वेचणं, संध्याकाळी पुन्हा चूल. मोंढ्यातल्या पट्टीवर नाव नवऱ्याचं, पैसे नवऱ्याच्या खिशात, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव कुठेही नाही. तिला शेतीचा कंटाळा नाही. शेतात राबूनही बिनहक्काचं राहण्याला तिचा नकार आहे, आणि तो मला तरी रास्त वाटतो.

म्हणून बायोडाट्यात एकर वाढवून लिहिण्यापेक्षा खरं देण्यासारखं काय आहे ते पाहा. राज्य शासनाच्या १९९२ च्या लक्ष्मी मुक्ती परिपत्रकानुसार नवरा आपल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो. अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे करायचा. जमीन अजून वडिलांच्या किंवा सामाईक नावावर असेल तर आधी वाटणी हवी. सगळ्या हिस्सेदारांची संमती असेल तर ती तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली होते. संडास-न्हाणी घरात आहे का, ती शिकत असेल तर पुढे शिकणार का, तिच्या कमाईचं खातं कुणाच्या हातात राहील, हे पाहण्याच्या कार्यक्रमात मुलानेच आधी बोलावं. मामा-काकांवर सोपवलं की बोलणं पुन्हा मानपानावर येतं.

मुलगी मिळत नाही या घाईत तीन खड्डे ठरलेले आहेत.

दलाल. लाख-दोन लाख घेऊन परजिल्ह्यातली किंवा परराज्यातली मुलगी दाखवणारे आणि लग्नानंतर आठवड्यात मुलीसकट पसार होणारे, अशा फसवणुकीच्या बातम्या वरचेवर येतात. मुलीच्या गावी स्वतः जा, तिथल्या चार माणसांशी बोला, तिच्याशी एकटीशी बोला. ती तरी स्वखुशीने आली आहे का, हेही तुम्हाला कळायला हवं. विकून आणलेली मुलगी हीही या व्यवहारातली बळी असते. रोख पैसे देऊ नका. लग्न झालं की ग्रामपंचायतीत किंवा नगर परिषदेत नोंदणी करा. नोंदणी नव्वद दिवसांच्या आत करायची असते. फसलात तर पोलिसांत जा. ‘बायको पळाली’ म्हणून हसतील, या भीतीने बहुतेक जण गप्प बसतात आणि तीच टोळी पुढच्या गावात जाते.

अल्पवयीन मुलगी. ‘सोळा-सतराची आहे, चालतंय’ असं सांगून लग्न लावतात आणि गुन्हा नवरदेवावर पडतो. अठरा पूर्ण झालेल्या पुरुषाने अल्पवयीन मुलीशी लग्न केलं तर दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. शरीरसंबंध आला तर बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा लागतो, नवरा असला तरी; २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने लग्नाची ढाल काढून घेतली आहे. ती बाळंतपणाला गेली की दवाखान्याला कळवावंच लागतं. आधारवरच्या तारखेवर विसंबू नका, शाळा सोडल्याचा दाखला पाहा. गावात ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. मुलाचंही वय २१ पूर्ण हवं. आजी जायच्या आधी नातसून पाहायची म्हणून एकोणिसाव्या वर्षी बोहल्यावर चढवत असतील तर तुम्हीही त्याच्याकडे किंवा बालकांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकावर सांगू शकता.

हुंडा. नोकरी लागल्यावर ‘शिक्षणाचा खर्च’, ‘प्लॉट’, ‘गाडी’ या नावाने मागणी होते आणि बोलणारे वडीलधारे असतात. कायद्यात देणं आणि घेणं दोन्हीला किमान पाच वर्षं कैद आहे. ‘मी काही मागितलं नाही, वडिलांनी ठरवलं’ असं म्हणून सुटता येईल या भ्रमात राहू नका.

अंगावर काढू नका

फवारणीचं काम पुरुषाचं, आणि मास्क लावणं नाजूकपणाचं. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. तोंडाला गुंडाळलेला गमछा ओला झाला की विष अडवत नाही, उलट नाकाशी धरून ठेवतो. पाठीवरचा पंप गळत असेल तर शर्ट भिजून कातडीवाटे औषध अंगात जातं. चष्मा, मास्क, हातमोजे, गमबूट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा, फवारा वाऱ्याच्या दिशेने, उपाशीपोटी नको, आणि मधेच त्याच हाताने पुडी फोडू नका. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. चक्कर, उलटी, अंधारी यापैकी काहीही झालं तर ‘ऊन लागलं’ म्हणून आडवं न होता डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा.

मनाच्या दुखण्यालाही तोच नियम. झोप उडणं, जेवण तुटणं, दारू वाढणं, कशातच लक्ष न लागणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर तो आजार समजा आणि उपचार घ्या. टेली-मानस या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे सरकारी उपचार हा तुमचा हक्क आहे आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला त्याला गुन्हेगार न मानता त्याच्यावर उपचार व्हावेत, हेच या कायद्याचं धोरण आहे. तेव्हा पोलीस केसच्या भीतीने कुणाला दवाखान्यात न्यायचं थांबू नका. मित्राबद्दल शंका आली तर ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात ते खूळ शिरतं हा गैरसमज आहे. त्या दिवसांत त्याला एकटं सोडू नका आणि शेतीची औषधं कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्या.

लहानपणी लैंगिक अत्याचार झालेल्या मुलग्यांबद्दलही बोललं पाहिजे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून जास्त मुलगे होते. पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. ‘पोराला काय होतंय’ असं म्हणून जे दाबलं जातं, त्यासाठी कायदा आहे आणि समुपदेशनही आहे.

घरात सुरुवात कुठून करायची

‘भांडी घासताना कुणी पाहिलं तर गाव नावं ठेवील.’ ठेवील. चार दिवस ठेवील, नंतर दुसरा विषय मिळेल. पण या भागातली हीच मुलं पुण्याला, चाकणला कंपनीत लागतात तेव्हा खोलीवर भाकरी थापतात, कपडे धुतात, मित्र आजारी पडला तर त्याला पेज करून देतात. हात शिकलेले असतात, गावात आले की विसरतात एवढंच. त्यापेक्षा अवघड पाऊल पैशाचं आहे. घरातली देणी, विमे, बोजे, पासबुकं आई, बहीण आणि बायकोला माहीत असली पाहिजेत आणि त्यांच्या मताला वजन असलं पाहिजे. कर्जाची गोष्ट त्यांना शेवटी कळते, आणि मग सगळे म्हणतात, एक शब्द बोलला असता तर.

वाटणीच्या वेळी बहिणीकडून हक्कसोडपत्र घेण्याचा रिवाज तुमच्या घरात येईलच. तिने माहेर तुटू नये म्हणून सही करायची आणि तुम्ही त्या बदल्यात जमीन, कर्ज, आईवडिलांचं म्हातारपण असं सगळं एकट्याने उचलायचं, असा तो न बोललेला सौदा असतो. तिचा हिस्सा, वडील २००५ आधी गेले असले तरी, कायम असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. तो तिला ठेवू द्या आणि आईच्या औषधपाण्याची, देण्याची जबाबदारीही तिच्याशी बोलून वाटून घ्या. पुष्कळ बहिणी याला आनंदाने तयार असतात, त्यांना कुणी विचारत नाही. हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं आणि एकदा नोंदवलं की सहजासहजी रद्द होत नाही. त्यामुळे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात तिला घेऊन जाण्याआधी घरी, आईसमोर बसून हा हिशेब करा.